१९७३ च्या ९११ चा हीटर, सायलेन्सर आणि गायब झालेली ऊब

हवाबंद

नमस्कार मंडळी. गाडी पोर्शे ९११ टी, १९७३ चं मॉडेल. जाळीवर २.४ लिहिलंय, प्रत्यक्षात इंजिन २३४१ सीसी. तीन वर्षांपासून माझ्याकडे आहे, पण थंडीत चालवायची वेळ यंदाच आली आणि फजिती झाली. दोन सीटांमधला हीटरचा लाल दांडा वर ओढला की पायाशी कोमट म्हणावी इतकीही हवा येत नाही. येतो तो फक्त जळक्या तेलाचा वास. समोरची काच आतून धुक्यानं भरते आणि मी एका हातानं स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं फडकं अशी सर्कस करतो.

खाली वाकून पाहिलं तर उजव्या हीट एक्स्चेंजरचा बाहेरचा पत्रा जाळीदार झालाय, बोट आत जातं. सायलेन्सरही शेवटच्या घटका मोजतोय. तेव्हा पुढचं सगळं हवंय: दोन्ही एक्स्चेंजर, सायलेन्सर, पंख्यापासून खाली येणाऱ्या नळ्या आणि दोन्ही बाजूंच्या झडपा. एक मित्र म्हणतो, हे सगळं काढ, साधे हेडर (भोवती पत्रा नसलेले नुसते एक्झॉस्ट पाइप) बसव आणि जाड स्वेटर घाल. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चोक_ओढा

रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पाना_नंबर_१३

हवाबंद, खरेदीची यादी जरा बाजूला ठेवा. एक्स्चेंजर महाग असतात आणि तुमची ऊब नेमकी कुठे गळतेय हे अजून तुम्हालाही ठाऊक नाही. आजार म्हशीला, औषध पखालीला असं व्हायला नको.

ज्यांनी ही गाडी खालून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या इंजिनाला रेडिएटर नाही, त्यामुळे गरम पाण्यावर चालणारा हीटरही नाही. मागचा मोठा पंखा सिलिंडरांवर हवा मारतो. त्यातली थोडी हवा पंख्यावरच्या फायबरच्या आवरणाला असलेल्या दोन तोंडांतून नळ्यांवाटे खाली एक्स्चेंजरमध्ये जाते. एक्स्चेंजर म्हणजे एका बाजूच्या तीन एक्झॉस्ट पाइपांवर चढवलेला पत्र्याचा अंगरखा. पाइपातून धूर, पाइप आणि अंगरख्याच्या मधून स्वच्छ हवा. ही तापलेली हवा पुढे झडपेच्या पेटीत येते. दांडा खाली असेल तर झडप ती गाडीखाली सोडून देते, वर असेल तर दाराखालच्या पोकळ सिलमधून पायाशी आणि काचेवर पाठवते.

म्हणजे उबेच्या वाटेवर पाच ठिकाणं आहेत: पंख्यावरची तोंडं, नळ्या, एक्स्चेंजर, झडप आणि सिल. एक्स्चेंजरचा बाहेरचा पत्रा फाटला तर हवा गळते, पण तेवढ्यानं ऊब शून्यावर येत नाही. मला संशय नळ्यांचा आणि झडपांच्या केबलचा आहे. मागच्या मालकानं इंजिन उतरवून पुन्हा चढवताना नळ्या लावल्याच नाहीत, असं मी स्वतःच्या गाडीत पाहिलंय. तो मागचा मालक मीच होतो, ही गोष्ट वेगळी.

पुढच्या वेळी इंजिन गरम असताना कुणाला तरी दांडा वर-खाली करायला सांगा आणि तुम्ही गाडीखाली बघा, दोन्ही झडपांचे हात हलतात का. गाडी उभी करताना जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. आणि एक, नुसत्या आयडलवर ऊब येत नाही म्हणून रडू नका. पंखा हळू, हवा कमी. रेव्ह वाढले की खरं काय ते कळतं.

स्पॅनरवाली

पाना यांच्याशी सहमत, पण वासाचा मुद्दा मागे पडू देऊ नका.

जळक्या तेलाचा वास बहुतेक वेळा व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून येतो. खालच्या कव्हरमधून तेल झिरपतं, थेंब खालच्या एक्स्चेंजरवर पडतो आणि भाजतो. बाहेरचा पत्रा फाटलेला असेल तर तो थेंब आतल्या गरम पाइपावरच पडणार आणि त्याचा धूर तुमच्या नाकात. गॅस्केट बदलणं स्वस्त काम आहे, ते आधी करा.

पण अंगरख्याच्या आतला पाइप फुटलेला असला, तर केबिनमध्ये एक्झॉस्टचा धूर येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा आहे. "मला धुराचा वास येत नाही, म्हणजे बरं आहे" हा हिशोब इथे चालत नाही. आजच बॅटरीवर चालणारा, आकडा दाखवणारा डिटेक्टर घ्या आणि डॅशबोर्डवर ठेवा. तोवर दांडा खालीच आणि खिडकी उघडी. खरं तर तोवर गाडीच उभी ठेवा.

बाहेरचा गंज डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे त्याच्या मागे लागतात. जीव जातो तो आतल्या, न दिसणाऱ्या भोकानं.

तीनलिटर

माझी ९११ एससी आहे, १९८०, ३ लिटर. तुमच्यापेक्षा मी दुर्दैवी, कारण १९७५ पासून कंपनीनं एक्झॉस्टची मांडणीच बदलली. तुमच्या गाडीत डावा-उजवा एक्स्चेंजर आपापल्या वाटेनं सरळ सायलेन्सरमध्ये जातो. आमच्याकडे डाव्या बाजूचा धूर आडव्या पाइपानं उजवीकडे येतो आणि मग सगळं मिळून एकाच तोंडानं सायलेन्सरमध्ये. म्हणूनच एससीवाले तुमच्या जुन्या पद्धतीचे एक्स्चेंजर शोधत फिरतात. याचा अर्थ, तुमच्या मालावर आमचाही डोळा आहे. क्षमस्व.

एक सावधगिरी: जाहिरातीत "९११ चे एक्स्चेंजर" एवढंच लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारा, १९७४ पर्यंतचे की १९७५ नंतरचे? फोटोत बाहेर पडणारी तोंडं पाहा. एसएसआय किंवा डान्स्क या कंपन्यांचे स्टेनलेसचे बहुतेक जुन्या पद्धतीचे असतात, तुम्हाला ते चालतील. आम्हाला बसवायचे तर उजवीकडची तेलाची नळी आड येते, ती आधी बदलावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक्स्चेंजर हातात, गाडी स्टँडवर आणि मध्ये ती नळी. तीन आठवडे गाडी तशीच उभी होती.

आणि १९७५ ते ७७ च्या काही अमेरिकी गाड्यांतले थर्मल रिॲक्टरवाले (धूर तिथेच पुन्हा जाळणारे) एक्झॉस्ट कुणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्या भट्टीनं २.७ इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या केसमधले हेड स्टड (सिलिंडर हेड आवळून धरणारे आटे पाडलेले दांडे) उपटायला हातभारच लावला.

हवाबंद

एवढी माहिती! आभार. डिटेक्टर मागवला, गाडी उभी. शनिवारी खाली शिरतो.

ओव्हरड्राइव्ह

अवांतर: मी एमजीबीवाला, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आमच्याकडे पाण्याचा हीटर, त्यामुळे तुमच्यासारखी धुराची भीती नाही. आमचं दुखणं वेगळं. हीटरची पेटी पुढच्या आडव्या पत्र्यात अशी घट्ट बसवलेली असते की आधी हीटर ठेवला आणि मग भोवती गाडी बांधली असावी असं वाटतं. ऊब येत नसेल तर आधी सिलिंडर हेडवरचा हीटरचा व्हॉल्व्ह केबलनं पूर्ण उघडतोय का ते बघायचं, मग मॅट्रिक्स (हीटरचा छोटा रेडिएटर) उलट बाजूनं पाणी सोडून धुवायचा. पेटी काढलीच तर आतला फोम बदलल्याशिवाय परत बसवायची नाही. जुना फोम हातात भुगा होऊन येतो आणि हवा मॅट्रिक्समधून न जाता बगल देऊन निघून जाते. मी ते न करता बसवली होती. पुन्हा काढली. आता बायको पेटी या शब्दावरच हसते.

चोक_ओढा

@ओव्हरड्राइव्ह, वेगळा धागा काढा, आम्ही येतो.

हवाबंद

शनिवारचा अहवाल.

पाना, तुमचं तोंड गोड होवो. डावीकडची नळी जागेवर नाहीच. वरचं तोंड उघडं, खालचं तोंड उघडं, मध्ये काही नाही. पंख्याची हवा इंजिनच्या खोलीतच फुकट जात होती. उजवीकडची नळी आहे, पण मधोमध चिरडून पापड झालेली.

झडपा: उजवी हलते. डावी गंजून अर्ध्यावर अडकलेली, त्यामुळे लाल दांडा निम्मा आल्यावर जड होतो आणि मी समजत होतो की दांडाच तसा आहे. व्हॉल्व्ह कव्हरखाली दोन्ही बाजूंनी तेलाचा ओघळ. स्पॅनरवाली ताई, तुमचाही अंदाज खरा.

म्हणजे एक्स्चेंजरवर मी उगाच आळ घेतला का?

स्पॅनरवाली

उगाच की बरोबर, ते अजून ठरायचंय. आतला पाइप तपासल्याशिवाय निर्दोष सोडू नका. इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या शेपटीत फडकं गुंडाळून बसवा. एक्स्चेंजरचं हवा आत घेणारं तोंड चिकटपट्टीनं बंद करा. झडपेची पेटी काढून हवा बाहेर पडणाऱ्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा, लहान मुलं फुगे करतात तसा. क्लीनर सुरू केल्यावर पडदा फुगला तर आतून गळती आहे. मात्र बाहेरचा पत्रा फाटलेला असेल तर हवा तिकडूनच पळेल, म्हणून उजव्याची भोकं आधी अॅल्युमिनियमच्या पट्टीनं बंद करा.

हवाबंद

केलं. डावीकडचा पडदा दोन मिनिटं शांत. उजवीकडचा लिंबाएवढा फुगला आणि फुटला. पुन्हा लावला, पुन्हा फुगला.

खरं सांगतो, गाडीखाली पडून तो फुगा मोठा होताना बघितला आणि गेल्या महिन्यातला रात्रीचा प्रवास आठवला. शेजारी मुलगी झोपली होती. मी काच उघडी ठेवली होती ती धुक्यामुळे.

पाना_नंबर_१३

मग उजवा बदला. सायलेन्सरही. डावा ठीक असेल तर राहू द्या, पण एकदा उतरवलाच तर दोन्हीकडची गॅस्केट नवी घाला. सहा सिलिंडरांची सहा.

हेडरबद्दल विचारलंत ते राहिलंच. हेडर बसवता येतात, पण तेव्हा पंख्यावरची दोन्ही तोंडं झाकणानं बंद करावी लागतात. नाहीतर सिलिंडरांच्या वाट्याची थंड हवा तिथून निसटते. आत्ता तुमच्या डाव्या बाजूला नेमकं तेच चाललंय, तात्पुरतं का होईना ते आजच बंद करा. आणि हेडर म्हणजे काचेवरचं धुकं कायमचं. शर्यतीच्या गाडीला ठीक, घरच्या गाडीला नाही. तुमच्या मित्राला स्वेटर भेट द्या.

गंजपुराण

उशिरा आलो. वापरलेला एक्स्चेंजर घेणार असाल तर माझे चार अनुभव. चारही वेळा पैसे घालवून शिकलोय.

नुकताच काळा-चंदेरी रंग मारलेला एक्स्चेंजर बघितला की मी पळतो. रंगाखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत. गंजलेला पण रंग न मारलेला परवडला, निदान तो खोटं बोलत नाही.

हेडला बसणाऱ्या तीन फ्लँजवर (पाइपांच्या चपट्या तोंडांवर) सरळ पट्टी ठेवा. तिन्ही एका पातळीत हव्यात. एखादी वाकलेली असेल तर बोल्ट कसून ती सरळ होत नाही, हेडमधला स्टड मात्र उपटून येतो. मग टॉर्च घेऊन प्रत्येक पोर्टमध्ये बघा आणि एक्स्चेंजर हलवून ऐका. आत काहीतरी खुळखुळलं तर आतली पत्र्याची पंखं सुटलेली आहेत. तीही एक वेळ चालतील. पाइप आणि फ्लँजच्या जोडावर नवं वेल्डिंग दिसलं तर मात्र "का?" हे विचारा आणि उत्तर फिरवाफिरवीचं आलं तर उठा.

स्टेनलेस आहे म्हणून विकत असतील तर लोहचुंबक घेऊन जा. पत्र्याला कडकडून चिकटला तर ते बहुतेक साधं पोलाद. वेल्डजवळ थोडासा ओढला तर घाबरू नका, तसं होतं.

तीनलिटर

+१. आणि पार्ट नंबर वाचायला शिका, शोध निम्मा सोपा होतो. तीन-तीन-तीन-दोन अशी आकड्यांची रचना असते. पहिले तीन गाडीचा प्रकार, पुढचे तीन गट, मग तो विशिष्ट भाग, शेवटचे दोन सुधारित आवृत्ती. हीटिंगचा गट २११, सायलेन्सरचा १११. काही भाग ९०१ नंच सुरू होतात, ते पाहून "ही माझी गाडी नाही" म्हणून सोडून देऊ नका. गाडी १९६३ मध्ये ९०१ म्हणूनच दाखवली होती. मधे शून्य असलेले तीन आकडे आमचे, असं प्यूजोनं म्हटलं आणि १९६४ मध्ये तिची ९११ झाली. पार्टांचे नंबर मात्र तसेच राहिले.

हवाबंद

हे भारी आहे. मी ९०१ चे सगळे निकाल गाळून शोधत होतो!

चोक_ओढा

वाचनखूण साठवली.

हवाबंद

दहा दिवसांनी धागा वर काढतोय.

दुष्काळात तेरावा महिना. फोटो पाहून, पट्टी ठेवल्याचा फोटो मागवून, सगळं विचारून उजवा एक्स्चेंजर घेतला. खोकं उघडलं तर आत डावा. फोटो उजव्याचे, माल डाव्याचा. विकणारा म्हणतो, "फिरवून बसेल." अहो, फिरवून बसवला तर हवेचं तोंड आकाशाकडे जाईल! शेवटी परत घेतला, पण पाठवणावळ माझ्या माथी.

स्पॅनरवाली

पुढच्या वेळी भागावर ठोकलेला नंबर वाचून दाखवायला सांगा. तिसऱ्या गटातला शेवटचा आकडा सहसा विषम असेल तर डावा, सम असेल तर उजवा. डावं-उजवं गाडीत बसून पुढे बघताना ठरवायचं, मागे उभं राहून नाही. गोंधळ निम्म्या वेळा इथेच होतो.

हवाबंद

अखेर उजवा मिळाला, वापरलेला, साध्या पोलादाचा. बाकावर ठेवून तिन्ही पोर्टवर रबर आणि पट्ट्या दाबून साबणाचा फुगा धरला. पाच मिनिटं. पडदा हललाही नाही, शेवटी सुकून फुटला. सायलेन्सर नवा घेतला, दोन तोंडं आत, एक बाहेर.

आता काढायचं काम. बारा नट. काही साध्या पान्यानं, आणि काही एक्स्चेंजरच्या पत्र्यातल्या भोकांतून लांब ॲलन की घालून, ते नळीसारखे उंच नट. चार दिवस रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारत होतो. अकरा निघाले. बारावा फिरला, मला वाटलं सुटला. मग तो जरा जास्तच सहज फिरला. नट आणि अर्धा स्टड माझ्या हातात, उरलेला हेडमध्ये. मी तिथंच गाडीखाली पडून राहिलो, थोडा वेळ काहीच केलं नाही.

पाना_नंबर_१३

बाराला एक तुटला म्हणजे नशीबवान आहात. माझे तीन.

आता ड्रिल हातात घेऊ नका. हातानं धरलेलं ड्रिल कडक स्टडवरून घसरून मऊ अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये शिरतं, मग कामच वेगळं होतं. स्टडचा तुकडा बाहेर किती आहे?

हवाबंद

साधारण अर्धा सेंटीमीटर.

पाना_नंबर_१३

मग उत्तम. वेल्डिंग करणाऱ्या माणसाला बोलवा, त्या तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड करायला सांगा. त्याआधी बॅटरीची वायर काढा, आजूबाजूचं तेल पुसा, आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा. वेल्डची उष्णता स्टडमध्ये जाते, गंजाची पकड सुटते. थोडं निवू द्या, मग पाना लावून पुढे-मागे, पुढे-मागे. नुसतं मागे ओढू नका. हेड गरम असताना काम सोपं जातं, कारण अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं.

नवे स्टड बसवताना आणि नट लावताना तांब्याची पेस्ट लावा. पुढच्या वेळी काढणारा तुम्हाला दुवा देईल. तो तुम्हीच असाल.

हवाबंद

निघाला! दुसऱ्या प्रयत्नात. वेल्डरनं "एवढंच?" असं विचारलं, तेव्हा त्याला मिठी मारावीशी वाटली.

बसवलं सगळं. डावी झडप उघडून साफ केली, बिजागरीला ग्रीस, दोन्ही केबल नव्या. नळ्या दोन्हीकडे नव्या. व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट बदलली. पहिल्यांदा सुरू केल्यावर रंग आणि पेस्ट जळून इतका धूर झाला की शेजारी धावत आले. अर्ध्या तासानं थांबला.

काल रात्री तासभर फिरवली. डिटेक्टर पूर्ण वेळ शून्यावर. काच पाच मिनिटांत कडेपासून स्वच्छ होत गेली, आधी खालचे दोन कोपरे, मग मध्यभाग. पायाशी एवढी ऊब की सरकती झाकणं अर्धी बंद करावी लागली.

एकच तक्रार. दांडा वर ओढला की तो हळूहळू स्वतःच खाली सरकतो. दर दहा मिनिटांनी पुन्हा ओढायचा.

तीनलिटर

दांड्याच्या मुळाशी घर्षणाची चकती असते, ती झिजलीय. हँडब्रेकची जोडणी उघडावी लागेल. चकती छोटी आहे, काम चिकट आहे. तोवर दांड्याखाली कपड्यांचा चिमटा लावा, मी दोन हिवाळे तेच केलं.

हवाबंद

चिमटा लावला. मुलगी विचारते, इतक्या जुन्या गाडीला कपडे वाळत घालायचेत का?

ओव्हरड्राइव्ह

एमजीबीचा धागा काढलाय. पेटी तिसऱ्यांदा काढली. या.